टुकार, पण आपले!

‘टुकार’ हा शब्द आपल्या हॉस्टेलमध्ये फार स्वस्त झालाय. मेसची उसळ टुकार, थर्ड सेमचा मॅथ्सचा पेपर टुकार, समोरच्या विंगची क्रिकेट टीम टुकार. पण सिनेमाला टुकार म्हणताना माणसानं जरा थांबावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. कारण टुकार सिनेमातही जाती असतात. एक जात म्हणजे ज्याला मुळात काही करायचंच नव्हतं. हीरो-हिरॉइनला फॉरेनला नेलं, चार गाणी उरकली, पोस्टर लावलं. असल्या सिनेमांवर मी शाई खर्च करणार नाही. दुसरी जात म्हणजे ज्याला भलतंच काहीतरी करायचं होतं. भूत दाखवायचं होतं, माणूस बाटलीत घालायचा होता, हवालदाराचा सुपरमॅन करायचा होता. आणि खिशात पैसे होते जेमतेम एका लग्नाच्या पंगतीचे. हा लेख या दुसऱ्या जातीबद्दल आहे.

आमच्या कॉमन रूममध्ये शनिवारी रात्री प्रोजेक्टर लागतो. कोरियन थ्रिलर आवाजी मतदानानं पास होतो, इराणी सिनेमासुद्धा पास होतो (अर्धे झोपतात, पण पास होतो). मी ‘धडाकेबाज’ म्हटलं की हशा! हशाला माझी हरकत नाही, तो सिनेमा हसवायलाच काढलाय. पण त्या हशामागे एक ठाम समजूत असते. मराठीत कौटुंबिक जमतं, तमाशा जमतो, शेतकऱ्याचं दुःख जमतं. भुतं, मारामाऱ्या, जादू हे आपलं काम नाही. या समजुतीशी माझं भांडण आहे.

त्याला एक खाजगी कारणही आहे. मी पक्का कॉन्व्हेंटवाला. आमच्या शाळेत आवारात मराठी बोललं तर दंड भरायला लागायचा. घरी मराठी होतं, पण ‘जेवलास का’, ‘अभ्यास झाला का’ एवढ्यापुरतं. बाकीचं मराठी, म्हणजे धमकी कशी द्यायची, थाप कशी मारायची, समोरच्याचा पाणउतारा करून वर हसायचं कसं, हे सगळं मला रविवार दुपारच्या टीव्हीनं शिकवलं. महेश कोठारेंचे सिनेमे लागायचे आणि आजी, मी आणि शेजारची दोन पोरं एका रांगेत. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले, म्हणजे माझ्या जन्माआधीच. तरी ‘लक्ष्या’ म्हटलं की मला नात्यातलंच कुणीतरी वाटतं.

तर सुरुवात ‘दे दणादण’पासून करू. साल १९८७. हवालदार लक्ष्याला अचाट शक्ती मिळते. पण लाल रंग दिसला की ती शक्ती गुल! आता १९८० साली ‘सुपर फझ’ नावाचा एक इटालियन सिनेमा आला होता. त्यात टेरेन्स हिल हा पोलीस आहे, त्यालाही अशीच शक्ती मिळते आणि तीही लाल रंग बघितला की जाते. दोन्ही बघितल्यावर कल्पना कुठून कुठं आली असावी, हे सांगायला फॉरेन्सिक लॅब नको. पण मला गंमत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. आपल्याकडे लाल रंग टाळायचा म्हणजे काय टाळायचं, विचार करा! कुंकू लाल, एसटी लाल, टपालपेटी लाल, गावातल्या निम्म्या बायकांची लुगडी लाल. तिकडे ती नुसती युक्ती आहे, इकडे हवालदाराला घराबाहेर पडायची पंचाईत. उचललेली कल्पना आपल्या मातीत पडली की तिला अशी पालवी फुटते. सिनेमा म्हणून तो ढिलाच आहे, हे मान्य. मारामारीत ठोसा बसतो एकीकडे आणि ‘ढिशूम’ येतो थोड्या वेळानं.

तो उशिरा येणारा ‘ढिशूम’ का येतो, हे आपण इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी समजून घ्यायला पाहिजे. त्या काळातले कॅमेरे चालताना शिलाई मशीनसारखे वाजायचे. त्यामुळे शूटिंगच्या वेळचा आवाज फक्त मार्गदर्शनापुरता, खरा आवाज नंतर डबिंग थिएटरमध्ये चिकटवायचा. सेकंदाला २४ फ्रेम्स. म्हणजे आवाज दोन फ्रेम इकडेतिकडे झाला तर चालून जातं, पाच-सहा फ्रेम झाला की आजीलासुद्धा कळतं.

दुसरा हिशोब फिल्मचा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे १३,५०० फूट, साधारण चार किलोमीटर! आणि ही झाली फक्त पडद्यावर दिसणारी. प्रत्येक रीटेक म्हणजे आणखी फिल्म, आणखी पैसे, वर लॅबचा खर्च. आज मोबाइलवर आपण एका रीलसाठी चाळीस टेक घेतो आणि डिलीट करतो. तेव्हा मागचा एक्स्ट्रा कॅमेऱ्याकडे बघून हसला तरी दिग्दर्शक म्हणायचा, ‘चलेगा, पुढं!’ म्हणून तो एक्स्ट्रा आजही हसतोय. त्यात मराठी सिनेमाला करमणूक कराच्या परताव्याची योजना होती. निर्मात्यानं पुढचा मराठी सिनेमा काढला की आधीच्या सिनेमाच्या कराचे पैसे परत मिळायचे. योजना चांगलीच होती, तिच्यामुळे मराठी सिनेमा जगला. पण पुढचा सिनेमा लवकर उरकायची घाईही त्यातूनच आली असणार, असं मला वाटतं.

आणि रात्र! जुन्या सिनेमात ‘रात्री’ स्मशानात चालणाऱ्या माणसाची सावली जमिनीवर ठळक पडलेली दिसते, बघितलंय? ती दुपार असते. लाइट आणि जनरेटरचं भाडं वाचवायला उन्हातच शूट करायचं, लेन्सला निळा फिल्टर लावायचा, एक्स्पोजर कमी करायचं, झाली रात्र. हॉलिवूडवालेही हेच करायचे. फक्त ते आकाश फ्रेमबाहेर ठेवायची काळजी घ्यायचे, आपल्याकडे कधीकधी ढगही दिसतात.

आता ‘धडाकेबाज’ (१९९०). हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप सिनेमा म्हणून ओळखला जातो. सिनेमास्कोपची भानगड अशी की कॅमेऱ्यापुढे एक खास लेन्स बसवायची, ती चित्राला आडवं दाबून निम्मं करते. नेहमीच्याच फिल्मवर लांबुडकी, काटकुळी माणसं छापली जातात. थिएटरात प्रोजेक्टरला उलटी लेन्स लावली की ती पसरून पुन्हा माणसात येतात आणि पडदा उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त रुंद भरतो. कोठारेंनी हे सगळं कशासाठी केलं? तर कवट्या महाकाळ नावाच्या कवटीचा मुखवटा घातलेल्या खलनायकासाठी आणि बाटलीत राहणाऱ्या गंगारामसाठी. याला मी धाडस म्हणतो. गंमत म्हणजे आमच्या पिढीनं हा सिनेमा बघितला जुन्या चौकोनी टीव्हीवर. म्हणजे दोन्ही बाजू कापलेल्या! महाकाळची निम्मी गँग आम्ही कधी बघितलीच नाही.

बाटलीतला गंगाराम हा माझा सगळ्यात आवडता ‘खराब’ इफेक्ट. असा शॉट कॉम्प्युटरशिवाय घ्यायचा तर नटाला काळ्या पडद्यापुढे लांबून शूट करायचं आणि ते चित्र बाटलीच्या चित्रावर चढवायचं. यात तीन गोष्टी जुळायला लागतात: उजेडाची दिशा, कॅमेऱ्याचा कोन आणि बोलणाऱ्याची नजर. तिसरी सगळ्यात अवघड, कारण बाटलीतला माणूस ज्याच्याशी बोलतो तो तिथं नसतोच. आपल्या ग्राफिक्सच्या लॅबमध्ये दोन लेयर एकमेकांवर बसवताना कडा फाटते तेव्हा सर मार्क कापतात. तिथं कड फाटली तरी लोक टाळ्या वाजवत होते, कारण लक्ष्या बोलत होता.

‘थरथराट’ (१९८९) मी पटकन सोडून देतो. त्यात राहुल सोलापूरकरांचा टकलू हैवान आहे, तेवढ्यासाठी बघा. खलनायकांची नावं ठेवण्यात मात्र या माणसांचा हात कुणी धरू शकत नाही. टकलू हैवान, कवट्या महाकाळ, कुबड्या खवीस. आणि मग सगळ्यांचा बाप, तात्या विंचू.

‘झपाटलेला’ (१९९३) हा अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) सुचलेला आहे, हे आता हॉस्टेलचा वॉचमनही सांगेल. मरता मरता गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, हे दोन्हीकडे सारखंच. पण तिथला बाहुला दुकानात मिळणारं खेळणं आहे, तिथली भीती मोठ्या शहरातल्या एकट्या आईची. इथला बाहुला येतो श्रीरंगपुरात, बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेल्या लक्ष्याच्या घरी. बोलका बाहुला ही आपल्याकडे ओळखीची गोष्ट. रामदास पाध्ये आणि त्यांचा अर्धवटराव मराठी घरांत आधीपासून माहीत होते, आणि तात्या विंचूचा बाहुलाही पाध्यांनीच केला. म्हणजे ज्या बाहुल्यावर पोरं हसायची त्यालाच अचानक डोळे वटारायला लावलं. आणि नाव बघा! ‘तात्या’ म्हणजे गल्लीतले कुणीतरी वडीलधारे, पानाच्या टपरीवर भेटणारे. ‘विंचू’ म्हणजे अंथरूण झटकल्याशिवाय झोपू नकोस असं आजी ज्याच्यासाठी सांगते तो. घरगुती प्रेम आणि घरगुती भीती दोन शब्दांत! त्यावर दिलीप प्रभावळकरांचा आवाज. माझ्या मते मराठीत याच्याइतकं नेमकं नाव दुसऱ्या कुठल्या खलनायकाला मिळालेलं नाही.

यातली मेख अशी की बाहुला जितका थोडा दिसतो तितका जास्त भीतीदायक वाटतो. तो चालतो, पळतो ते बहुतेक आपण मनातच बघतो. पडद्यावर असतो जमिनीलगत सरकणारा कॅमेरा, हलणारा पडदा, घाबरलेला लक्ष्या. मशीनमध्ये जो पार्ट करता येत नाही तो टाळून डिझाइन करायचं, याला आपण व्हायवात ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतो. ‘झपाटलेला २’ २०१३ साली आला तो मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून. तोवर सगळं करता येत होतं, आणि माझं मत विचाराल तर तिथंच घोळ झाला. थ्रीडीत डाव्या-उजव्या डोळ्याला थोडी वेगळी चित्रं दाखवतात आणि खोली मेंदू तयार करतो. घरच्या सपाट टीव्हीवर तो बघताना मला खोली तर मिळाली नाहीच, वर पहिल्या सिनेमातली ती लपाछपीही मिळाली नाही.

भुतांचा विषय निघाला की रामसे बंधूंना नमस्कार केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सिनेमे हिंदी, पण त्यांचं पहिलं गाजलेलं भूत आपल्या शेजारी महाबळेश्वरला उभं राहिलं: ‘दो गज जमीन के नीचे’, १९७२. वडील एफ. यू. रामसे यांचं मूळ आडनाव रामसिंघानी, फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान. त्यांनी १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या एका प्रसंगाला लोक दाद देतायत, हे पोरांनी थिएटरात बसून टिपलं. पडलेल्या सिनेमातून चाललेला एक सीन उचलायचा आणि त्यावर पुढचा धंदा उभा करायचा. याला फेल्युअर अॅनालिसिस नाही तर काय म्हणायचं? सात भाऊ, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज; सगळं घरचंच.

‘पुराना मंदिर’ (१९८४) मी तीनदा बघितलाय. त्यातला सामरी सैतान, ज्याचं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे पुरलेलं असतं, तो झालेत अनिरुद्ध अगरवाल. आणि सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा, ते रुरकीहून शिकलेले सिव्हिल इंजिनिअर! प्लेसमेंट झाली नाही तर काय करायचं, या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे. सिनेमात धुकं, हिरवा-लाल उजेड, करकरणारे दरवाजे, सगळं मस्त. पण मध्येच जगदीपचं ‘शोले’ची नक्कल करणारं एक आख्खं उपकथानक घुसतं, त्यात ते मच्छरसिंग झालेत. ते मला एकदाही सहन झालेलं नाही. माझी शिफारस: तेवढ्यात अंघोळ उरकून या.

इथपर्यंत खराब सिनेमांचं झालं. आता चांगले असून बाजूला पडलेले. ‘बिंधास्त’ (१९९९) आठवतो का कुणाला? चंद्रकांत कुलकर्णींचा थ्रिलर, पडद्यावर सगळ्या बायकाच. त्याच वर्षीचा अजय फणसेंचा म्हणा, अजय फणसेकरांचा म्हणा (मित्र चुकीचंच नाव घेतात, इतका तो विसरला गेलाय, बरोबर नाव फणसेकर) ‘रात्र आरंभ’. त्यात प्रभावळकर मन दुभंगलेल्या माणसाचं काम करतात. ज्यांनी त्यांना फक्त तात्या विंचू किंवा ‘पछाडलेला’मधले (२००४) इनामदार भुसनळे म्हणून बघितलंय त्यांनी हा जरूर बघावा. एकही भूत नाही, आणि झोप उडते.

पण कोल्हापूरच्या माणसासाठी खरा भीतीचा सिनेमा म्हणजे ‘लपाछपी’ (२०१७). दिग्दर्शक विशाल फुरिया. गरोदर बायको (पूजा सावंत) आणि नवरा शहरातून पळून एका आडबाजूच्या घरात येतात, आणि घराच्या चारी बाजूंना ऊस. बाकी महाराष्ट्राला ऊस म्हणजे हिरवंगार दृश्य वाटत असेल. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना विचारा. दहा-बारा महिन्यांचा ऊस माणसाच्या डोक्यावर दीड-दोन हात जातो. आत शिरलं की चार पावलांपुढचं दिसत नाही, पाल्याची कड हाताला कापते, वारा नसला तरी कुठंतरी सळसळ चालू असते आणि दिशा कळत नाही. वाड्यातून पळायला दरवाजा असतो, उसातून पळायचं म्हणजे कुठं? पंचगंगेच्या काठानं संध्याकाळी सायकल मारणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. कुणालातरी कॅमेरा घेऊन तिथं जायची बुद्धी व्हायला २०१७ उजाडलं, याचंच मला आश्चर्य वाटतं. भूत कशाचं आहे ते मी सांगणार नाही, एवढंच सांगतो की ते भूत पोटातल्या मुलीशी जोडलेलं आहे आणि आपल्या जिल्ह्यांना त्याची चांगली ओळख आहे. आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांनी याचा हिंदी रिमेक ‘छोरी’ (२०२१) बघितला होता. मराठी मूळ आहे, हे त्यातल्या दोघांनाच माहीत.

हीच आपली सवय. ‘तुंबाड’चंच बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचं नाव, माणसं मराठी, दिग्दर्शक राही अनिल बर्वे, सिनेमा हिंदी. २०१८ साली आला तेव्हा थिएटरं ओस. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा. आदित्य सरपोतदारनं २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ काढून डोंबिवलीत झोंबी सोडले. नाव ऐकूनच मी तिकिटाचे पैसे वसूल मानले. त्यानं कोकणातला मुंज्या घेऊन २०२४ मध्ये हिंदीत सिनेमा केला आणि सगळा देश बघायला गेला. मुंज्या आपला, पिंपळ आपला, भाषा तेवढी दुसरी.

‘हे आपलं काम नाही’ म्हणणाऱ्यांना शेवटी आपल्याच गावाचा दाखला देतो. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती कोल्हापुरात. कॅमेरा विकत आणला नाही, इथंच तयार केला. १९२० च्या ‘सैरंध्री’त त्यांनी कीचकाचा वध असा दाखवला की लोक हादरले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. म्हणजे आपल्या गावात रात्र ही रात्रीसारखी दाखवायची सोय निळ्या फिल्टरच्या कितीतरी आधी झाली होती! प्रभात कंपनीही इथलीच, १९२९ ची. १९३३ ला पुण्याला गेली. ‘संत तुकाराम’वाली प्रभात सगळ्यांना माहीत असते. पण याच प्रभातनं १९३० साली इथं ‘खुनी खंजर’ नावाचा सिनेमा काढला होता. नाव वाचूनच माझा ठोका चुकतो. खंजीर, खून, आणि पत्ता कोल्हापूर!

तो मला कुठंही बघायला मिळालेला नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे तर बहुतेक मूकपट उरलेलेच नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. बंदुकीच्या दारूचीच चुलत बहीण. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. न जळली तर हळूहळू चिकट होऊन भुकटी होते. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून जुनी रिळं भंगारात घालून चांदी काढायचाही धंदा होता. १९४८ च्या जाळपोळीत इथला जयप्रभा स्टुडिओ पेटला आणि भालजी पेंढारकरांना ‘मीठभाकर’ पुन्हा करायला लागला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली.

आगीतून काय वाचवायचं याची यादी करायची वेळ येते, तेव्हा ‘संत तुकाराम’ पहिला असतो आणि ‘खुनी खंजर’ शेवटचा, तेही यादीत असलाच तर. कोठारेंचे सिनेमे या बाबतीत नशीबवान, टीव्हीमुळे घराघरांत राहिले. कडा कापलेले का असेनात. पण कवट्या महाकाळची पूर्ण गँग, दोन्ही बाजूंसकट, मोठ्या पडद्यावर बघायची माझी फार इच्छा आहे. कल्चरल सेक्रेटरींना अर्ज दिलाय. प्रोजेक्टर कॉलेजचाच, चादर मी देतो, धुऊन.